पंधरा वर्षांनी खेळात परतलो, तर ओळखीचा रस्ताच पाण्याखाली गेलेला

जुनीगिरणी (सोलापूर)

नमस्कार मंडळी,

पुण्यात अभियांत्रिकीच्या वसतिगृहात असताना, म्हणजे २००८ ते २०१० या काळात, आम्ही चौघा मित्रांनी 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या संगणकावरच्या ऑनलाइन खेळापायी किती रात्री जागवल्या याचा हिशेब मी आजतागायत घरी सांगितलेला नाही. पुढे शेवटच्या वर्षाची परीक्षा, नोकरी आणि मग सोलापूरला येऊन वडिलांचे दुकान सांभाळणे या ओघात खेळ सुटला तो सुटलाच. गेल्या महिन्यात मुलीच्या अभ्यासासाठी म्हणून घरात नवा संगणक आला आणि एका रात्री सगळीकडे निजानीज झाल्यावर मी जुने खाते उघडते का ते पाहिले. उघडले. महिन्याची वर्गणी भरली, तेव्हा माझा टॉरेन, म्हणजे बैलाच्या तोंडाचा, शिकारी, त्याची शिंगे, वेणी आणि बॅरन्सच्या माळावर तीन रात्री दबा धरून मिळवलेला हुमार हा काळा सिंह, सगळे जसेच्या तसे समोर उभे राहिले.

आमचा नेहमीचा रस्ता मला अजून पाठ होता. क्रॉसरोड्सहून दक्षिणेला निघायचे, पिवळ्या माळरानातून कॅम्प टॉराहोला पोहोचायचे आणि ग्रेट लिफ्टच्या पाळण्यात बसून थाउजंड नीडल्सच्या दरीत उतरायचे. दरीच्या पलीकडच्या टोकाला शिमरिंग फ्लॅट्स नावाचे पांढरेफेक मिठाचे मैदान होते. तिथे नोम आणि गॉब्लिन या दोन बुटक्या जमाती आपापल्या गाड्या पळवीत आणि त्या शर्यतीवर आम्ही कॅन्टीनच्या चहाची पैज लावत असू. या वेळी त्याच रस्त्याने निघालो, तर वाटेत जमीन दुभंगून मोठी भेग पडलेली, टॉराहो जळून गेलेले, लिफ्ट मोडून पडलेली. आणि कड्यावरून खाली वाकून पाहिले, तर दरीच नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत पाणी, आणि त्यातून वर आलेले सुळके तेवढे ओळखीचे. नळाला कोणत्या दिवशी पाणी येणार हे तोंडपाठ ठेवणाऱ्या सोलापूरकराला पाणी पाहून वाईट वाटावे, अशी माझ्या आयुष्यातली ही पहिलीच वेळ.

आता मूळ प्रश्न. मला रात्री दहा ते अकरा असा जेमतेम एक तास मिळतो, आणि रविवारी दुपारी थोडा अधिक. पंचवीस जणांची फौज जमवून राक्षस मारण्याचा उत्साह आता उरलेला नाही आणि तेवढा वेळही नाही. मला हे बदललेले जग नीट फिरून पाहायचे आहे, आणि जमल्यास जुने कुठे शिल्लक असेल तर तेही. मी गेल्यानंतर उत्खनन, पाळीव प्राण्यांच्या लढती, शेती असे बरेच नवे विरंगुळे खेळात आले आहेत असे दिसते. त्यांपैकी कशात खरोखर रस घेण्यासारखे काही आहे आणि काय नुसती वेळखाऊ हमाली आहे, हे जाणकारांनी सांगावे. मुलगी दहा वर्षांची आहे. रविवारी ती शेजारी खुर्ची ओढून बसते आणि माझ्या सिंहाला काय खायला घातले याची चौकशी करते, हेही ध्यानात घ्यावे.

माळढोक

जुनीगिरणी, आपण खेळ सोडला आणि पाठोपाठ जग बुडाले, असा हा योगायोग आहे. हा खेळ २३ नोव्हेंबर २००४ रोजी अमेरिकेत सुरू झाला. त्याच्या सहाव्या वाढदिवसाच्या सुमारास, म्हणजे नोव्हेंबर २०१० च्या अखेरीस, एका पॅचने, म्हणजे खेळातल्या सुधारणेने, जुने दोन्ही खंड उलथेपालथे केले आणि ७ डिसेंबर २०१० रोजी 'कॅटाक्लिझम' हा विस्तार, म्हणजे खेळाचा नवा भाग, आला. कथेत याचे खापर डेथविंग नावाच्या ड्रॅगनवर फुटते. डार्कशोअरमधले ऑबरडीन गाव उद्ध्वस्त झाले, स्टॉर्मविंडमधली बाग जळून खड्डा झाली, बॅरन्सचे उत्तर आणि दक्षिण असे दोन तुकडे पडले, आणि तुमच्या मिठाच्या मैदानात समुद्र शिरला. तिथल्या नोम-गॉब्लिनांनी मात्र धंदा बंद केला नाही. त्याच पाण्यावर त्यांची एक अवाढव्य तरंगती बार्ज आहे, तिथे अवश्य जा.

कथेबाहेरचे कारणही समजून घेण्यासारखे आहे. मूळचे खंड पायी किंवा जनावरावर बसून फिरणाऱ्यांसाठी रचलेले होते. डोंगरामागे जिथे खेळाडू जाऊच शकणार नाही, तिथे जमीन अर्धवट सोडलेली असे. २००७ मध्ये उडते वाहन आले, पण ते फक्त आउटलँड या नव्या मुलखात चालत असे. जुन्या खंडांवर उडू द्यायचे तर ते आधी पुरे करणे भाग होते, आणि एवढे खणायचेच आहे तर कथाही नवी घालू, असा तो प्रकार झाला. आपल्याकडे गटारासाठी रस्ता उकरला की त्याच हिशेबाने चौकाचे रूपही पालटते, तसेच काहीसे.

जुने पाहण्याबद्दल एक गैरसमज आधीच दूर करतो, कारण त्यात माझे दोन आठवडे गेले. काही प्रदेशांत झिडोर्मी नावाची एक बाई उभी असते. तिच्याशी बोलले की ती तो प्रदेश पूर्वीच्या रूपात दाखवते. पण तिचे 'पूर्वी' म्हणजे २०१० च्या आधीचे नव्हे. ब्लास्टेड लँड्स, डार्कशोअर, सिलिथस अशा ठिकाणी त्यानंतरच्या विस्तारांनी जे बदल केले, त्यांच्या आधीचे रूप ती दाखवते. थाउजंड नीडल्सचे पाणी तिला उपसता येत नाही.

ते पाणी नसलेले जग 'क्लासिक'मध्ये आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये तो स्वतंत्र खेळ म्हणून सुरू झाला. २००६ सालच्या १.१२ या आवृत्तीवर तो बेतलेला आहे आणि तुमच्या त्याच वर्गणीत तो चालतो. त्यानंतर क्लासिकच्या काही सर्व्हरवर एकेक जुना विस्तार पुन्हा येत गेला आणि मे २०२४ मध्ये तिथेही कॅटाक्लिझम होऊन मैदान दुसऱ्यांदा बुडाले, म्हणून निवडताना 'क्लासिक इरा' हाच सर्व्हर घ्या. तिथे तुमचा जुना शिकारी येणार नाही. पहिल्या लेव्हलपासून आरंभ करावा लागेल आणि चाळिसाव्या लेव्हलपर्यंत बसायला घोडा नाही, लांडगा नाही, कोडो नाही. रोजच्या एका तासात शिमरिंग फ्लॅट्सच्या लायक व्हायला महिना सहज जाईल.

यावर माझा उपाय सरळ आहे. पहिल्याच लेव्हलचा टॉरेन तयार करा, मलगोरमधून बाहेर पडा आणि रस्ता धरून दक्षिणेकडे पळत सुटा. काहीही मारू नका, कशाशीही थांबू नका. चार-सहा वेळा मराल. भूत होऊन धावत आपल्या प्रेतापाशी यायचे, पुन्हा उठायचे आणि पुढे पळायचे. मी असाच गेलो होतो. लिफ्टच्या पाळण्यात उभा राहिलो, पाळणा खाली जाऊ लागला आणि सुळक्यांच्या बुंध्याशी कोरडी जमीन दिसली, तेव्हा माझ्याही घशाशी काहीतरी आले, हे इथे कोणी ओळखत नाही म्हणून लिहितो.

विरंगुळ्यांत माझे पहिले मत उत्खननाला, म्हणजे आर्किऑलॉजीला. तेही कॅटाक्लिझमसोबतच आले. नकाशावर प्रत्येक खंडात एका वेळी चार जागा खणण्यासाठी दिसतात. तिथे जाऊन सर्व्हे करायचा. जमिनीवर एक छोटी दुर्बीण उभी राहते, तिचे तोंड ज्या दिशेला त्या दिशेला पुराणवस्तू, आणि शेजारचा दिवा लाल असला तर लांब, पिवळा असला तर मध्यम अंतरावर, हिरवा असला तर अगदी जवळ. चार पावले जायचे, पुन्हा दुर्बीण लावायची. तुकडे जमले की वस्तू पुरी होते, आणि बहुतेक वेळा तिची किंमत कवडीची असते. तरीही मी ते करतो, कारण खेळातल्या कामगिऱ्या आता तुम्हाला नव्या मुलखातच धाडतात, तर उत्खननाच्या जागा मात्र जुन्या दोन्ही खंडांच्या कानाकोपऱ्यात पडतात. जिथे जायचे आता दुसरे काहीच निमित्त उरलेले नाही, अशा दऱ्याखोऱ्यांत हा छंद तुम्हाला नेतो. बदललेले जग नीट पाहायचे आहे ना, तर याच्याइतका चांगला वाटाड्या नाही. २०१८ च्या विस्तारानंतर या छंदात नवी भर पडलेली नाही, त्यामुळे इतर खेळाडू फारसे भेटणार नाहीत. मला ते बरे वाटते. माळढोकाला गर्दी मानवत नाही.

मालदांडी (मंगळवेढा)

उत्खनन मी दोन दिवस केले आणि सोडले. माळढोकसाहेबांना दिव्याचा रंग पाहून आनंद होतो, तो त्यांना लखलाभ होवो. मी शेतीची शिफारस करतो.

२०१२ च्या सप्टेंबरात 'मिस्ट्स ऑफ पंडारिया' हा विस्तार आला. त्यात हाफहिल नावाचे बाजाराचे गाव आहे आणि गावाबाहेर सनसाँग रँच नावाचे पडीक शेत. सुरुवातीला चार वाफे मिळतात, गावातल्या शेतकऱ्यांशी ओळखी वाढत गेल्या की ते सोळापर्यंत जातात. माती मोकळी करायची, बी टाकायचे. मग कधी रोप सुकते म्हणून पाणी घालावे लागते, कधी कीड पडते म्हणून फवारणी करावी लागते, आणि कधी विर्मेन नावाचे सशासारखे चोर मातीतून वर येऊन गाजरे पळवू पाहतात, त्यांना बडवावे लागते. कोबी, गाजर, भोपळा, सलगम अशी पिके आहेत. आज पेरले की उद्या काढणीला तयार.

हे शेवटचे वाक्य मी वडिलांना वाचून दाखवले. आमच्याकडे काळ्या रानात ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात आणि ती घरात यायला फेब्रुवारी उजाडतो. मधल्या काळात तुमचे सोलापूरकर पाहुणे हुरडा खायला तेवढे येतात. वडील म्हणाले, "मग त्या खेळातल्या शेतकऱ्याला भाव तरी मिळतो का?" त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते, कारण तिथला भोपळा बाजारात नेऊन विकण्यापेक्षा स्वतः शिजवून खाण्यातच फायदा असतो. म्हणजे फरक फारसा नाही.

गंमत बाजूला ठेवून सांगतो: दहा मिनिटांत शेताचे काम आटोपते, आणि उरलेल्या पन्नास मिनिटांत तो सगळा खोऱ्याचा प्रदेश पायी हिंडता येतो. धुक्यातले डोंगर, पाण्याने भरलेले वाफे आणि दारू गाळणारी अस्वले. जुने विस्तार आता वर्गणीतच मिळतात, वेगळे पैसे नाहीत. मुलीलाही हे आवडेल. विर्मेन आला की तिला माउस द्या.

उजनीकाठ

वरच्या दोन्ही उत्तरांत एक गोष्ट राहून गेली, ती थोडी कडू आहे. मी हा खेळ गेली अकरा वर्षे अधूनमधून खेळतो आहे आणि माझा अनुभव असा की कोणताही विरंगुळा 'रोज केला तर अमुक मिळेल' या बोलीवर आला की तो विरंगुळा राहत नाही. पंडारियाच्या शेतात मी चार महिने रोज हजेरी लावली. घरी लग्न होते, हळदीच्या दिवशी मांडवातून उठून मी वाफ्यांना पाणी घालायला आत गेलो, आणि तेव्हा माझ्या लक्षात आले की मी गडी म्हणून राबतो आहे, मालक म्हणून नव्हे. तुमच्याकडे एकच तास आहे. त्या तासावर रोजच्या कामांची यादी चढू देऊ नका, एवढेच माझे सांगणे.

मासेमारीत तसे होत नाही, निदान माझे झाले नाही. ती खेळात पहिल्यापासून आहे, म्हणजे ती तुमच्याही काळात होती, पण त्या वयात कोण गळ टाकून बसतो! आमचे गाव धरणाच्या फुगवट्याला लागून आहे. लहानपणी चिलापी आणि मरळ धरण्यात माझ्या सुट्ट्या गेल्या, त्यामुळे मी थोडा पक्षपाती आहे हे कबूल. खेळात गळ टाकला की एक तरंगता गोळा पाण्यावर हलत राहतो, तो डुबकन उडाला की लगेच क्लिक करायचे. बाकी काही नाही. आवाज चालू ठेवा, कारण डोळ्यांआधी कानाला कळते. मी आवाजाच्या भरवशावर गळ टाकून वर्तमानपत्र वाचतो.

फिरण्याच्या दृष्टीनेही ती कामाची आहे. दर रविवारी स्ट्रँगलथॉर्नच्या किनाऱ्यावर मासेमारीची स्पर्धा भरते. पाण्यात थवे दिसतात, त्यांत गळ टाकून ठरावीक जातीचे चाळीस मासे जो आधी बूटी बे या बंदरात नेऊन देईल तो जिंकतो. ती सर्व्हरच्या घड्याळाने दुपारी दोन ते चार अशी असते. तुमचे खाते युरोपातले असेल, तर मध्य युरोपाच्या वेळेने आपल्याकडे हिवाळ्यात संध्याकाळी साडेसहा आणि उन्हाळ्यात साडेपाच वाजतात. मी एकदाही जिंकलेलो नाही. एकदा अडतीस मासे झाले होते आणि वीज गेली. उन्हाळ्यातली संध्याकाळ, पंखाही बंद, आणि मी अंधारात घामाघूम होऊन ते दोन मासे मोजत बसलो.

कडकभाकरी

जुनीगिरणीदादा, आपण विचारलेला खेळ मी खेळत नाही, पण बदललेले जग हा विषय निघाला म्हणून लिहिल्यावाचून राहवत नाही. मी 'फायनल फँटसी १४' खेळते. त्याची कहाणी याहून चमत्कारिक आहे. २०१० च्या सप्टेंबरात तो आला, खेळाडूंना मुळीच पसंत पडला नाही, आणि चालकांनी तो मोडून नव्याने बांधायचे ठरवले. पण गुपचूप बंद न करता त्यांनी त्या बंद होण्याचीच कथा केली. आकाशातला एक लाल चंद्र महिनोन्‌महिने मोठा मोठा दिसू लागला, आणि ११ नोव्हेंबर २०१२ रोजी सर्व्हर बंद झाले तेव्हा तो चंद्र फुटून आतून बाहामूट नावाचा ड्रॅगन निघाला, ते जग जळाले, असे दाखवून पडदा पडला. २७ ऑगस्ट २०१३ रोजी नवा खेळ सुरू झाला, तो कथेत त्या प्रलयानंतर पाच वर्षांनी. त्या आधीचे जग पाहायला क्लासिकसारखी कोणतीही सोय नाही. मी २०२१ मध्ये आले, म्हणजे मला ते जग ठाऊकच नाही, तरी जमिनीतून वर आलेले मोठाले स्फटिक दिसले की इथे पूर्वी काय असेल असे मनात येतेच. आपल्याला निदान बुडालेले मैदान आठवते आहे.

उजनीकाठकाकांनी मासेमारीचा विषय काढलाच आहे, तर आमच्याकडची समुद्रातली मासेमारी सांगते. लिम्सा लोमिन्सा या बंदरातून दर दोन तासांनी एक बोट सुटते. आपल्या घड्याळाने संध्याकाळी साडेसात, रात्री साडेनऊ, साडेअकरा अशी. तिच्यावर चोवीस जण चढू शकतात. बोट समुद्रात तीन ठिकाणी थांबते आणि प्रत्येक ठिकाणी सगळे कठड्याला रांगेत उभे राहून गळ टाकतात. मधूनच कुणाच्या तरी गळाला एक विशिष्ट मासा लागतो आणि एकाएकी आकाशाचे रंग पालटतात, पाणी उजळते, आणि त्या दोनेक मिनिटांत जितके दुर्मीळ मासे लागतील तितके लागतात. म्हणजे एकाला लागले की चोवीसही जणांचे भले होते. त्यामुळे त्या बोटीवर मी कुणाला कुरकुरताना पाहिलेले नाही. जेवणे आटोपून, भांडी घासून झाली की साडेनऊची बोट मला बरोबर सापडते. अर्ध्या तासात परत. रोज गेलेच पाहिजे असे काही नाही, बोट आपल्यावाचून सुटते आणि काही बिघडत नाही.

याशिवाय गोल्ड सॉसर नावाची एक जत्रा आहे, पंधराव्या लेव्हलनंतर तिथे जाता येते. पत्ते, पक्ष्यांच्या शर्यती, उड्या मारीत मनोरे चढणे, सगळे आहे. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर संध्याकाळी पाळण्यांचे दिवे लागल्यावर जसे वाटते, तसेच मला तिथे पहिल्यांदा वाटले होते, फक्त धूळ नव्हती आणि भजीचा वास नव्हता. पदरचे पैसे घालण्याआधी पाहायचे असेल, तर ऑक्टोबर २०२३ पासून सत्तराव्या लेव्हलपर्यंतचा भाग मुदतीशिवाय फुकट खेळता येतो. बाजारात खरेदी-विक्री मात्र करता येत नाही.

एक सूचना आईच्या नात्याने करते. आपला खेळ युरोपातल्या वर्गीकरणात १२ वर्षांवरील मुलांसाठी आहे. मुलगी शेजारी बसते तेच ठीक आहे, पण त्या वेळी सर्वांसाठीच्या गप्पांची खिडकी बंद ठेवा. तिथे काय काय लिहून येते ते आपल्याला माहीत असेलच.

होटगीरोड

वर्गणी नको असेल, तर 'गिल्ड वॉर्स २' पाहा. मूळ खेळ २०१५ पासून फुकट आहे. त्यातले लायन्स आर्क हे मोठे शहर २०१४ मध्ये हल्ल्यात उद्ध्वस्त झाले, वर्षभर ते तसेच पडक्या अवस्थेत राहिले आणि २०१५ मध्ये निराळ्याच रूपात उभे राहिले. फिरणाऱ्यांसाठी उड्यांची कोडी जागोजागी लपवलेली आहेत. अधिक लिहायला वेळ नाही.

जुनीगिरणी (सोलापूर)

सर्वांचे आभार. तीन आठवडे लावून आता लिहितो आहे, कारण सांगितलेले करून पाहिल्याशिवाय उत्तर देणे बरे वाटेना.

माळढोक यांच्या सांगण्यावरून क्लासिकमध्ये पहिल्या लेव्हलचा टॉरेन पळवला. सातदा मेलो, त्यातले तीनदा एकाच रानडुकराच्या कृपेने. पण पोहोचलो. मिठाचे मैदान आहे, गाड्या आहेत, शर्यत चालू आहे. मी कडेला उभा राहून एक अख्खी शर्यत पाहिली. सोबत कोणी नव्हते. आमच्या चौघांपैकी एक आता कॅनडात असतो, त्याला तिथूनच स्क्रीनशॉट पाठवला, तर पहाटे त्याचा उलट निरोप आला, "नोमवर चहा." तेवढ्यावर मी तो सर्व्हर बंद केला. पुन्हा तिथे जाईन असे वाटत नाही, आणि का ते मला नीट सांगता येत नाही.

उत्खनन मात्र लागले. पहिल्या चार रात्री दिवा लालच. मी दुर्बिणीच्या तोंडाकडे पाहायचे सोडून दिव्याकडेच पाहत होतो, हे मुलीने दाखवून दिले. आता आमची विभागणी अशी आहे की ती "डावीकडे, अजून डावीकडे" असे सांगते आणि मी चालतो. अनगोरोच्या खोलगटात आम्हाला जीवाश्म मिळाले. त्या वाटेने जीवाश्म जमवत गेले तर एक दिवस सांगाड्याचा रॅप्टर बसायला मिळतो असे तिने कुठूनतरी वाचून काढले आहे, आणि आता सिंहाच्या खाण्याची चौकशी बंद होऊन रॅप्टरला पोट नसताना तो खातो कसा, याची सुरू झाली आहे.

मालदांडी, शेतात गेलो होतो. भोपळे लावले, दुसऱ्या दिवशी काढले, आणि तिसऱ्या दिवशी मुद्दाम गेलो नाही. उजनीकाठ यांची हळद आठवली. शेत तिथेच होते, वाळले नव्हते. कडकभाकरीताई, गप्पांची खिडकी बंद केली आहे. आपल्या बोटीचा मोह होतो आहे, पण दोन खेळ एका तासात बसणार नाहीत.

आता एक उपप्रश्न. काल क्लासिकमधल्या शर्यतीचा स्क्रीनशॉट मुलीला दाखवला आणि मग आजच्या खेळात त्याच जागी, बार्जच्या कठड्यावर शिकाऱ्याला नेऊन उभे केले. तिने दोन्ही चित्रे पाहिली आणि विचारले, "मग त्या गाड्या खाली आहेत का अजून?" मला माहीत नव्हते. रविवारी बुडी मारून पाहायचे ठरले आहे, पण माझा टॉरेन श्वासाची पट्टी संपायच्या आत तळाशी पोहोचून शोधाशोध करील असे दिसत नाही. यावर काही औषध आहे का?

माळढोक

आहे. एलिक्सर ऑफ वॉटर ब्रीदिंग नावाचे औषध येते. ऑक्शन हाउसमध्ये, म्हणजे खेळातल्या लिलावाच्या बाजारात, नाव टाकून शोधा. नसेल तर गिल्डमधल्या, म्हणजे खेळाडूंच्या मंडळातल्या, एखाद्या अल्केमिस्टला (औषधे बनवणाऱ्याला) सांगितले तर तो करून देईल. दोन बाटल्या घ्या, कारण पाणी गढूळ आहे आणि मैदान तुम्हाला आठवते त्यापेक्षा मोठे आहे. बुडी मारायची ती बार्जवरूनच, आणि सिंहाला खाली नेऊ शकता, तो पोहतो.

रविवारी काय दिसले ते इथेच लिहा. मी त्या बार्जवरून शेकडो वेळा उडत गेलो आहे, खाली वाकून कधी पाहिले नाही.